नको, बेडा, माका नको

आजऱ्यात जूनच्या पहिल्या पंधरवड्यात दोन कामं एकदम निघतात. शेतकरी घनसाळचा तरवा टाकतो आणि बाकीचं गाव पोरं नर्सरीत टाकतं. (शेतकरी दोन्ही टाकतो.) दोन्हीकडं रोप कोवळं, दोन्हीकडं आभाळाकडं बघत बसायचं, आणि दोन्हीकडं खर्च आधी सांगितल्यापेक्षा जास्तच येतो. फरक इतकाच की घनसाळ तांदळाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. पोरांचं अजून विचाराधीन आहे.

माझं दुकान स्टेशनरीचं, बसस्थानकाजवळ. वर्षभर झेरॉक्स आणि बॉलपेनवर भागतं, खरा धंदा जूनमध्ये. वह्या, खाकी कव्हरं, नावाची लेबलं, पाण्याची बाटली आणि इंग्रजी मुळाक्षरांचा तक्ता. मराठी मुळाक्षरांचा तक्ताही मी ठेवतो. तो कुणी मागत नाही, पण पावसाळ्यात इंग्रजी तक्ता गुंडाळून द्यायला बाहेरून काहीतरी जाड कागद लागतोच.

हा इंग्रजी तक्ता कोण छापतं, मला ठाऊक नाही. छापणारा आजऱ्याला आलेला नाही एवढं नक्की. पहिलंच चित्र सफरचंदाचं. आमच्याकडं सफरचंद हे आजारी माणसाला भेटायला जाताना न्यायचं फळ. त्यामुळं पोरगं 'ए' म्हणालं की त्याला दवाखाना आठवतो. 'आय'ला इग्लू. आजऱ्यात बर्फ बघायचा तर मासेवाल्याच्या खोक्यात. 'एक्स'ला झायलोफोन नावाचं वाद्य, जे तालुक्यात कुणी वाजवलेलं नाही आणि कुणी चोरूनही नेलेलं नाही. एका बापानं ते चित्र बोटानं दाखवून विचारलं, "हे काय वो? शिडी?" मी म्हटलं, "शिडीच. आडवी पडलीय." त्याचं समाधान झालं. त्याच्या पोरानं वर्गात 'एक्स फॉर शिडी' म्हटल्याचं पुढच्या आठवड्यात कानावर आलं.

एकच चित्र आमच्या पोरांच्या ओळखीचं, ते हत्तीचं. तक्त्यावरचा हत्ती निळा आणि त्याच्या सोंडेत फुगा. आमचा हत्ती कर्नाटकच्या जंगलातून चंदगडकडून येतो, ऊस मोडतो, केळी खातो, पाण्याची पाईप तुडवतो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात येतो. त्याला इथं कुणी एलिफंट म्हणत नाही, हत्तीही फारसं म्हणत नाही. त्याचं नाव 'टस्कर'. वनखात्याच्या कागदातनं हा शब्द पंचनाम्यात उतरला, पंचनाम्यातनं पेपरात आणि पेपरातनं ऐंशी वर्षांच्या म्हातारीच्या तोंडात. "काल टस्कर तुमच्याकडं आल्ता न्हवं?" असं बायका दळणाच्या गिरणीत एकमेकींना विचारतात. ह्या शब्दासाठी कुणाला शिकवणी लावावी लागली नाही, कुणी स्पेलिंग पाठ केलं नाही. नुकसानभरपाई पाहिजे असेल तर जनावराचं नाव अधिकाऱ्याला कळेल असं सांगावं लागतं, एवढं कारण पुरलं.

आता माझ्या शेजारचा चार वर्षांचा गडी घ्या. त्याची आजी, आमची आक्का, गडहिंग्लजच्या पूर्व भागातली. माहेरी सगळं कन्नड. आत्या दिली सावंतवाडीला, आंबोलीचा घाट उतरून. समोरच्या घरातल्या चाचींचं बोलणं दखनी. संकेश्वर-बांदा रस्ता आमच्या गावातून जातो, त्याचं एक टोक कर्नाटकात आणि दुसरं गोव्याच्या उंबऱ्यावर. ह्या रस्त्यावरनं ट्रक, सुना, जावई आणि भाषा ह्या सगळ्यांची सारखी ये-जा असते. आपण कुठल्या राज्यात राहतो हे आम्हाला वीजबिलावरनं कळतं.

एका रविवारी दुपारी ह्या गड्याला जेवू घालायचा कार्यक्रम मी आमच्या कट्ट्यावर बसून पाहिला. आक्का ताट घेऊन त्याच्या मागं.

"बा इल्ली, ऊटा माडु."

खांबाआडनं उत्तर: "बेडा!"

आत्या आदल्या दिवशीच आलेली, डब्यातनं सुरमई घेऊन. "बघ तरी, तुझ्यासाठी केवढो मासो हाडलंय."

"माका नको."

गलका ऐकून समोरच्या चाची वाटीतनं काहीतरी झाकून घेऊन आल्या. "ले ना रे, थोडा तो खा."

"मेरेकू नको."

शेवटी आई उलथनं घेऊन स्वयंपाकघरातनं बाहेर आली. तिला तो मराठीत "नको" म्हणाला आणि मराठीतच फटका खाल्ला.

चार माणसं, चार भाषा आणि एकाही ठिकाणी गफलत नाही. आत्याला चुकून 'बेडा' गेलं नाही की चाचींना 'माका' गेलं नाही. समोरचा चेहरा बदलला की गड्याची भाषा बदलत होती, तीही तोंडात घास नसताना. मी त्याच्या बापाला म्हटलं, "पोरगं चार भाषा बोलतंय की रे!" बाप म्हणाला, "कुठलं काय काका, आत्ता तर एबीसीडी सुरू झालीय. बी आणि डी मध्ये अजून घोटाळा करतंय."

ह्या बापाच्या हिशोबात फुकट आलेल्या भाषा धरलेल्याच नव्हत्या. पावती फाडलेली तेवढी भाषा.

नंतर माझ्या डोक्यात आलं की ह्या नकारांत इंग्रजी कुठं नव्हतं. नर्सरीत जाऊन वर्ष झालेलं, वह्या भरलेल्या, गॅदरिंगमध्ये पांढरे मोजे घालून नाचून झालेलं. मग 'नो' का नाही? मी त्यालाच विचारलं, "शाळेत मिसला नको कसं सांगतोस?" त्यानं माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की हा माणूस कधी शाळेत गेलाय का नाही. म्हणाला, "मिसला नको म्हणायचं नसतंय."

आता त्याचं इंग्रजी काय आहे ते सांगतो, म्हणजे ध्यानात येईल. येस मिस. गुड मॉर्निंग मिस. सॉरी मिस. थँक्यू मिस. सिट डाऊन. स्टँड अप. फिंगर ऑन युवर लिप्स. ह्यातली शेवटची आज्ञा मला फार आवडते. भाषा शिकायला पोरगं पाठवायचं आणि तिथं पहिल्या महिन्यात त्याला तोंडावर बोट ठेवायला शिकवायचं. सगळी आज्ञाधारक भाषा. हुजूर, होय हुजूर. ह्या भाषेत भांडता येत नाही, चुगली करता येत नाही, खोटं बोलता येत नाही. आणि ज्या भाषेत चार वर्षांच्या माणसाला खोटं बोलता येत नाही तिचा त्याला उपयोग काय?

उपयोग नाही म्हणून तो बिचारा ती जिथं जमेल तिथं वापरून टाकतो. 'मे आय कम इन मिस' हा त्याला दाराचं कुलूप उघडायचा मंत्र वाटतो. परवा संध्याकाळी तो आक्काच्या मागं गोठ्यापाशी गेला आणि दारात थांबून मोठ्यानं म्हणाला, "मेआयकमिन्मिस?" आत दोन म्हशी. एकीनं मान वळवून पाहिलं. "येस, कम इन" आलं नाही म्हणून हा दारातच उभा. आक्का आतनं ओरडली, "अरं आत ये की, रेडकू सुटलंय!" गडी जागचा हलला नाही. शिस्त म्हणजे शिस्त. रेडकू निम्मं दूध पिऊन गेलं. त्या संध्याकाळी डेअरीत आक्काचं माप कमी पडलं ते इंग्रजी शिक्षणामुळं, हे गवळ्याला काही पटलं नाही.

दुधावरनं आठवलं. इंग्रजी म्हणजे वाघिणीचं दूध, हे विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या नावावर सांगितलं जातं आणि दरवर्षी गॅदरिंगला प्रमुख पाहुणे ते पुन्हा काढतात. पुण्यात हे चालून जात असेल. कोल्हापूर जिल्ह्यात दुधाबद्दल असं मोघम बोलून भागत नाही. इथं 1963 पासून गोकुळ दूध संघ आहे, गावोगाव संस्था आहेत, पहाटे किटल्यांची रांग असते. वाघिणीचं म्हटलं की पहिला प्रश्न येणार, फॅट किती? दुसरा, एसएनएफ? तिसरा, दहा दिवसांचं बिल कुठल्या संस्थेतनं निघणार? आणि चौथा प्रश्न, जो पाहुण्यांना कधी कुणी विचारला नाही: पिणाऱ्या पोराला दात आलेत का?

नर्सरीत पोरं टाकणारी ही आईबापांची पिढी कोण आहे, ते बघा. 2000 सालच्या जूनपासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. रामकृष्ण मोरे तेव्हा शिक्षणमंत्री होते. त्याआधी इंग्रजी पाचवीपासून. केवढा गदारोळ उठला होता, अग्रलेख काय, परिसंवाद काय. एका बाजूचं म्हणणं, मराठी बुडणार. दुसऱ्या बाजूचं, बहुजनांची पोरं आता साहेब होणार. त्या जूनमध्ये पहिलीत बसलेली सहा वर्षांची पोरं आज तिशी ओलांडून पोराबाळांची झाली आहेत. मराठी बुडाली नाही आणि सगळे साहेबही झाले नाहीत. ही मंडळी आज माझ्या दुकानात तक्ता घ्यायला येतात आणि सांगतात, "काका, आमचं इंग्रजी कच्चं राहिलं. उशिरा सुरू झालं ना." पहिलीला सुरू झालेलं उशिरा ठरलं, म्हणून आता अडीच वर्षाला. ह्या हिशोबानं पुढची पिढी डोहाळजेवणातच एबीसीडीचा तक्ता ओटीत घालेल. मी तयारीत आहे.

ह्याच्या उलट आमच्या गल्लीतले निवृत्त गुरुजी. त्यांनी दहा-अकराव्या वर्षी पहिल्यांदा एबीसीडी गिरवली, तर्खडकरांची भाषांतर पाठमाला पाठ केली आणि पुढं तालुक्यातल्या निम्म्या लोकांचे इंग्रजी अर्ज लिहून दिले. त्यांचा अर्ज 'आय बेग टु स्टेट'नं सुरू व्हायचा आणि साहेब उठून उभा राहील असा संपायचा. बोलायला लावलं की मात्र गुरुजींना घाम. नातवाचं उलट. तो घडाघडा बोलतो आणि काय बोलला ते त्याला माहीत नसतं. घरात दोघांचं मिळून एक इंग्रजी पुरं होतं.

ह्या लवकर-उशिराच्या भानगडीचं मूळ आजऱ्यात नाही. 1967 साली दोन पुस्तकं निघाली. एक, आजऱ्यात जन्मलेल्या शिवाजी सावंतांचं 'मृत्युंजय'. दुसरं, अमेरिकेतल्या एरिक लेनेबर्गचं, भाषेच्या जैविक पायाबद्दल. पहिलं आमच्याकडं घरोघरी. दुसरं आजऱ्यात कुणाच्या कपाटात मी पाहिलेलं नाही, पण त्याचं म्हणणं गल्लोगल्ली पोचलंय: भाषा आपसूक येण्याची मुदत वयात येईपर्यंत, पुढं कष्ट. मूळ पुस्तकात ह्याला भरपूर जर-तर आहेत. ते समुद्रातच गळाले आणि आमच्यापर्यंत मुदत तेवढी आली, तीही ॲडमिशनच्या शेवटच्या तारखेला संपणारी. गंमत म्हणजे हा लेनेबर्ग जर्मनीत जन्मला, पोरवयात ब्राझीलला गेला आणि अमेरिकेत पोचला तेव्हा चोविशीत होता. मुदत संपल्यावर गाठलेल्या देशाच्या भाषेत त्यानं हे पुस्तक लिहिलं.

बारक्या पोरांचे कान तीक्ष्ण असतात, ही गोष्ट मात्र सोळा आणे खरी. 1984 साली कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी इंग्रजी घरातल्या तान्ह्या पोरांना हिंदीतला 'त' आणि 'ट' ऐकवला. सहा-आठ महिन्यांच्या पोरांना फरक कळत होता. वर्षाची होत आली तशी बहुतेकांना कळेनासा झाला, कारण घरात त्याचं काही काम पडत नव्हतं. म्हणजे पाळण्यात असताना ज्या गोऱ्या बाळाला 'ताक' आणि 'टाक' वेगळं ऐकू येत होतं, तेच पुढं कलेक्टर होऊन आपल्याकडं आलं आणि आपले पणजोबा जन्मभर त्याला 'त' समजावत बसले.

दुसरा प्रयोग अमेरिकेतला, पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, 2003 सालचा. नऊ महिन्यांच्या अमेरिकी पोरांसमोर चिनी बोलणारी माणसं बसवली. त्यांनी खेळणी दाखवली, पुस्तकं दाखवली, पोरांशी गप्पा मारल्या. बारा बैठका झाल्या आणि त्या पोरांचे कान चिनी आवाज ओळखायला लागले. दुसऱ्या पोरांना हेच सगळं पडद्यावर दाखवलं. तीच माणसं, तीच खेळणी, तीच भाषा. कानात काहीही शिरलं नाही. कोरे ते कोरे.

हा प्रयोग मी दुकानात येणाऱ्या आयांना सांगून बघितला. कारण आजऱ्यात आज पोरगं जेवायला बसतं ते मोबाईल भिंतीला टेकवून, समोर इंग्रजी गाणी लावून. घास तोंडात, डोळे पडद्यात. आई म्हणते, तेवढंच कानावर पडतंय. एकीनं माझं सगळं ऐकून घेतलं आणि पेचात टाकलं: "मग आमचा हिंदी कसा शिकला? टीव्हीवरच की!" मुद्दा बिनतोड होता. डोरेमॉन म्हणून जपानी मांजर आहे, ते आमच्याकडं हिंदीत बोलतं, आणि त्याच्याकडनं तालुक्याची पोरं हिंदी शिकली. मी दोन दिवस विचार केला. मग गल्लीत पोरांचा खेळ पाहिला आणि उलगडा झाला. एक जण नोबिता झालेला, एक जियान, जियान नोबिताला बडवत होता आणि नोबिता हिंदीत रडत होता. टीव्हीवर पाहिलेलं गल्लीत येऊन ही मंडळी एकमेकांच्या टाळक्यात घालतात. भाषा तिथं पक्की होते. शिवाय हिंदी आपल्या भिंतीला भिंत लागून आहे आणि ही पोरं काही नऊ महिन्यांची नव्हेत. इंग्रजी गाण्यांवर मात्र गल्लीत मारामारी झालेली मी पाहिलेली नाही.

आणि ती गाणी तरी काय. एका गाण्यात पावसाला परत जायला सांगतात, पोरांना खेळायचंय म्हणून. जुलैच्या पहिल्या आठवड्यात, रोप लावणीला आलेलं, पावसानं ओढ दिलेली, आणि आमचा गडी उंबऱ्यावर हातवारे करून पावसाला हाकलतोय. आक्कानं अर्थ विचारला. सुनेनं सांगितला. आक्का उठलीच. "त्या बाईला म्हणावं, तिकडं तुझ्या गावाला जाऊन म्हण. हितं लावण कोण करायची?" आमचं मराठी गाणं निदान पावसाला पैशाचं आमिष दाखवून बोलावतं. पैसा खोटा निघतो हे खरं, पण ते राजकारणाचं शिक्षण धरावं.

एकदा गड्याच्या डायरीत रिमार्क आला. कुठल्या शाळेचा ते सोडा, सगळीकडं असे रिमार्क येतात. घरी पाल्याशी इंग्रजीत बोलावे. संध्याकाळी बाप घरी आला, आईनं डायरी दाखवली, दोघांनी ठरवलं की आजपासून सुरुवात. त्यानंतर त्या घरातनं रात्रीपर्यंत आवाज आला नाही. रोज आठ वाजता भांड्यांबरोबर होणारी वादावादी नाही, "मीठ का कमी" नाही, काही नाही. मला वाटलं गावाला गेले. दुसऱ्या दिवशी आक्का खुशीत होती. म्हणाली, "लई दिसांनी निवांत झोप लागली. ती इंग्रजी चालू ऱ्हाऊ दे म्हणावं." तिसऱ्या दिवशी मिठाचा प्रश्न पुन्हा मराठीत निघाला आणि संसार रुळावर आला.

मधला तोडगा म्हणून आता सुनबाई मराठी वाक्यात इंग्रजी नामं पेरतात. "राईस फिनिश कर. हँड वॉश कर. बनाना खाल्लास का? तो बघ डॉगी, डॉगीला हाड म्हण." कुत्र्याचा ह्यातल्या शेवटच्या शब्दावरच विश्वास आहे.

शाळेतलं इंग्रजी लवकर सुरू केलं म्हणजे जास्त येतं, ह्या समजुतीचीही कुणीतरी तपासणी केली आहे. स्पेनमधल्या बार्सिलोनात कार्मेन मुन्योझ यांनी वर्षानुवर्षं पोरांवर लक्ष ठेवलं. काही पोरांचं इंग्रजी आठव्या वर्षी सुरू झालेलं, काहींचं अकराव्या. शाळेतले तास सारखे धरले तर अकराव्या वर्षी सुरू केलेली पोरं बहुतेक बाबतींत पुढं निघाली. मोठ्या पोराला शिकायचं कसं हे कळलेलं असतं, व्याकरण सांगितलं तर पोचतं. बारक्याची ताकद वेगळी. त्याला दिवसभर भाषेत लोळायला लागतं, माणसं लागतात, तास-दीड तासाच्या पिरियडमध्ये त्याचं भागत नाही. अकरावं वर्ष म्हणजे आपली पाचवी-सहावी. हे मी गुरुजींना सांगितलं तेव्हा ते इतके खूश झाले की इंग्रजीत बोलतील असं वाटलं. पण सावरले.

मुंबईत भाषेवरनं रान पेटतं तेव्हा आमच्याकडं त्याची ऊब उशिरा येते. 16 एप्रिल 2025 ला पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी सक्तीची करणारा शासन निर्णय निघाला. 17 जूनला तो बदलून दुसरा निघाला, त्यात सक्तीच्या जागी 'सर्वसाधारणपणे' आलं. 29 जूनला दोन्ही रद्द आणि नरेंद्र जाधवांची समिती. ह्या अडीच महिन्यांत माझ्याकडं एक गृहस्थ तीनदा आले. आधी हिंदीची दुरेघी वही घेऊन गेले, मग बदलून घ्यायला आले, मग परत करायला. तेवढ्या काळात त्यांचा पोरगा गल्लीत जियान होऊन हिंदीत मार देत होता. त्याच्यापर्यंत तिन्ही निर्णय पोचले नाहीत.

परदेशी भाषा खरोखर शिकणारी माणसंही आमच्याकडं तयार होऊ लागली आहेत, पण ती नर्सरीतली नव्हेत. 2024 साली महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवायचा करार केला. शालेय शिक्षणमंत्री होते दीपक केसरकर, आमच्या घाटाखालच्या सावंतवाडीचे, त्यामुळं बातमी आमच्याकडं घाट चढून लवकर आली. तेव्हापासून आयटीआय झालेला एक पंचविशीतला वायरमन माझ्याकडं वह्या न्यायला येतो. दर शब्दाला लिंग, डेअर, डी, डास, ह्यानं तो हैराण आहे. मी म्हटलं, "आपल्याकडं चमचा तो, वाटी ती आणि ताट ते. जर्मनाला नावं ठेवायला आपल्याला तोंड नाही." लेनेबर्गच्या हिशोबानं ह्याची मुदत दहा-बारा वर्षांपूर्वी संपली. पण त्याला तिथं जाऊन फ्यूज बदलायचाय, भाडं ठरवायचंय, पगार कमी पडला तर तोंड उघडायचंय. पहिल्या महिन्यात तो जर्मनमध्ये काय शिकला? "मला हे परवडत नाही." तो शिकणार, ह्यात मला शंका नाही. तेव्हाच्या औरंगाबादजवळच्या गाडीवाट गावातल्या जिल्हा परिषद शाळेच्या पोरांनी असंच जपानी निवडलं होतं, रोबोटची गोडी लागली म्हणून. 2020 च्या सुमाराला पेपरात आलं होतं. ती पोरंही चौथी आणि त्यापुढची होती आणि निवड त्यांनी स्वतः केली होती.

जर्मनीची बातमी ऐकून आमच्या गड्याच्या बापानं परवा विचारलं, "काका, जर्मनचा तक्ता असतो का? लहानपणीच कानावर पडलेलं बरं." मी नाही म्हणून सांगितलं. म्हणजे आहे का नाही ते मी बघितलेलं नाही, पण नाही म्हणून सांगितलं. आक्काला मात्र तो कधी विचारत नाही की तुझं कन्नड माझ्या कानावर किती पडलं होतं. पडलं होतं भरपूर. पहिलीला गेल्यावर पोरं हसली म्हणून त्यानं बोलायचं सोडलं. आज संकेश्वरच्या बाजारात मिरचीचा भाव करायला तो आक्कालाच घेऊन जातो, आणि आक्का किलोमागं वीस रुपये तोडून आणते.

आता मे महिन्यात मुंबई-पुण्याहून आजऱ्याला येणाऱ्या पाहुण्यांना एक विनंती. आल्या आल्या पोराला समोर उभं करून "व्हॉट इज युवर नेम" विचारू नका. पोएम म्हणायला लावू नका. तो म्हणेल, तुम्ही टाळ्या वाजवाल, आईबाप कृतार्थ होतील आणि कुणालाच काही कळणार नाही. त्यापेक्षा तो रानातनं करवंदं घेऊन आला की त्याच्या ओंजळीतली निम्मी मागा. तुम्हाला तो नाही म्हणेल. कुठल्या भाषेत म्हणतो ते ऐका. ह्या गल्लीत चार भाषांतलं नाही तर तुम्हाला हमखास मिळेल. चुकून एखाद्यानं इंग्रजीत नकार दिला, तर करवंदं राहू द्या, आधी त्याच्या शाळेचं नाव विचारून घ्या. तालुक्यातली खरी इंग्रजी शाळा तीच.